आठ दिवस बरं, परत शिंका: घरात बरीच मांजरं असतील तर काय काय तपासायचं

सांगलीत गावभागात आमचं घर. खाली माझं शिवणकामाचं दुकान, वर आम्ही आणि सध्या अकरा मांजरं. काही वर्षांपूर्वी दर दीड-दोन महिन्यांनी घरभर सर्दी फिरायची. ती आटोक्यात आणता आणता मी एवढं शिकले की आता ओळखीच्या सात-आठ घरांतून आणि माधवनगरकडच्या एका पत्र्याच्या शेडमधून (तिथे तीसेक मांजरं सांभाळतात) याच कामासाठी बोलावणं येतं. मी डॉक्टर नाही. पण तोच बिघाड इतक्यांदा निस्तरलाय की कुठे हात घालायचा ते कळतं.

लक्षणं

एका मांजराला शिंका सुरू होतात. दोन-चार दिवसांत दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. डोळ्यांतून पाणी, सकाळी डोळे चिपडांनी चिकटलेले, नाकातून आधी पाणी आणि मग पिवळट शेंबूड. कुणाच्या जिभेवर फोड येतो, लाळ गळते. मांजर वाडग्यापाशी येतं, वास घेतं, तोंड न लावताच मागे फिरतं. एखादं दोन दिवस लंगडतं आणि आपोआप नीट चालायला लागतं. डॉक्टर गोळ्या देतात, आठवड्याभरात सगळे ठणठणीत. मग महिन्या-दीड महिन्यानं पहिल्यापासून सुरू. मोठी तगतात, पिल्लांतलं एखादं जातं.

हे जुळत असेल तर पुढे वाचा. पण उलट्या होतायत, मांजर पाण्याच्या वाडग्यावर मान टाकून बसलंय आणि पीत मात्र नाही, किंवा काल उड्या मारणारं पिल्लू आज गार पडलंय, असं असेल तर तपासण्या करत बसू नका. थेट शेवटच्या भागावर जा.

मिरजेच्या एका मावशींकडे चौदा मांजरं आहेत. त्यांचं म्हणणं ठरलेलं असायचं: "अगं, औषध दिलं की आठ दिवस गप असतंय, परत ये रे माझ्या मागल्या. डॉक्टर बदलू का?" त्यांनी तीन डॉक्टर बदलले. औषध तिघांनीही जवळपास तेच दिलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

या सर्दीमागे बहुतेक वेळा दोन विषाणू असतात, हर्पीस आणि कॅलिसी. अँटिबायोटिक त्यांना मारत नाही. वरून बसलेल्या जिवाणूंना तेवढं आवरतं. हर्पीस एकदा अंगात शिरला की बहुतेक मांजरांत जन्मभर दडून राहतो. कॅलिसी झालेली काही मांजरं बरी दिसू लागल्यावरही महिनोन् महिने विषाणू बाहेर टाकत असतात. म्हणून विषाणू घरात आहेच असं धरून चालायचं. शोधायचं ते दोनच: तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो कशानं, आणि दडलेला जागा होतो कधी.

आधी फुकटातलं: भिंतीवरची दिनदर्शिका

मांजराला शिंक आली की त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं त्याचं पहिलं अक्षर लिहायचं. त्याच चौकोनात घरातली घडामोडही लिहायची: नवीन पिल्लू आलं, पाहुणे मुक्कामाला, रंगकाम, फटाके, एखादीचं ऑपरेशन. दोन महिने हे केल्याशिवाय दुसरं काही बदलू नका, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही.

माझा डोळा यानंच उघडला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं आणि आम्ही मांजरांसकट विश्रामबागला बहिणीकडे गेलो. दहा बाय बाराच्या एका खोलीत तेव्हाची नऊ मांजरं. आठव्या-नवव्या दिवशी शिंका. सगळे म्हणाले, ओल आहे, गारठा आहे, होणारच. २०२१ च्या जुलैत परत पूर, परत तीच खोली, परत आठ-दहा दिवसांनी शिंका. दोन्ही सालच्या दिनदर्शिका शेजारी ठेवून बोटं मोजली तेव्हा लक्षात आलं. दडलेला हर्पीस ताण आल्यावर लगेच उठत नाही. साधारण चार ते अकरा दिवसांनी विषाणू बाहेर पडायला लागतो आणि पुढे एक-दोन आठवडे पडत राहतो. ओलीला दोष देण्यात माझी दोन वर्षं गेली.

आता आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फुटांकडे सरकायला लागलं की गल्लीत लोक सामान वर चढवतात आणि मी मांजरांच्या जागा पांगवायला घेते. दोन बहिणीकडे, तीन वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे, उरलेली माळ्यावर. सगळी एकत्र कोंबायची नाहीत.

हात, गाऊन आणि कामाचा क्रम

हेही फुकट. सकाळी सगळ्यात आधी कुणाला हात लावता? बहुतेक जण आजाऱ्याला, कारण जीव तिथे अडकलेला असतो. डोळे पुसतात, मांडीवर घेऊन औषध पाजतात आणि त्याच मांडीवर मग पिल्लं. शिंकेचे थेंब चार-पाच फुटांपलीकडे फारसे जात नाहीत. त्यापुढचा प्रवास आपल्या हातांवरून आणि कपड्यांवरून होतो.

क्रम उलटा करा: आधी पिल्लं आणि गाभण किंवा पाजणाऱ्या भाट्या, मग मोठी धडधाकट, मग नवीन आलेली, शेवटी आजारी. आजाऱ्याच्या खोलीच्या दाराला मी एक खिळा ठोकलाय आणि त्यावर जुना गाऊन टांगलाय. आत जाताना घालायचा, बाहेर पडताना तिथेच अडकवायचा, रोज गरम पाण्यात धुवायचा. हात साबणानंच धुवायचे. करोनापासून घराघरांत सॅनिटायझरच्या बाटल्या आल्या, पण त्यातल्या अल्कोहोलला कॅलिसी फारसा दाद देत नाही, आणि मांजरांचा पार्वो (उलट्या-जुलाब लावून पिल्लं मारणारा विषाणू) तर मुळीच नाही.

नुसत्या या क्रमानं दोन घरांतली फेरी थांबलेली मी पाहिली आहे. एक रुपया खर्च न होता.

पोतेरं आणि फिनेल

शेडवाल्यांनी बोलावलं तेव्हा मी आधी मांजरं बघितली नाहीत, बादली बघितली. एकच बादली, एकच पोतेरं. पाणी राखाडी, वर केस तरंगतायत, आणि काळ्या फिनेलचा डोळे चुरचुरणारा वास. पोरगा मनापासून काम करत होता. आजारी मांजरांच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून, पोतेरं त्याच पाण्यात बुचकळत, तो पिल्लांच्या पिंजऱ्यापर्यंत आला. दिवसातून दोनदा. अख्ख्या शेडला तो रोज दोन वेळा रोगाचं सारवण घालत होता, आणि मालक मला सांगत होते, "आमच्याकडं स्वच्छतेला तोड नाही."

फिनेल आधी बंद. त्यातले फिनॉल मांजराच्या यकृताला झेपत नाहीत. पंजाला लागतं, मांजर पंजा चाटतं, ते पोटात जातं. एवढं करून पार्वो त्यानं मरत नाहीच. पाइनच्या वासाचं पांढरं फिनेल आणि दुधाळ होणारी जंतुनाशकंही याच कारणासाठी नकोत.

त्याऐवजी ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराईट. बाटलीवर पाच टक्क्यांच्या आसपास लिहिलेलं असेल तर एक लिटर पाण्याला ३० मिली. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर दहा मिलीचं टोपण येतं ना, तशी तीन टोपणं. जास्त घातलं म्हणून जास्त मरत नाही. मांजरांच्या आणि आपल्या नाकाला मात्र त्रास होतो. कडक औद्योगिक द्रावण सुटं मिळतं ते घेऊ नका, त्याचा हिशोब चुकतो.

ब्लीचचं काम फसतं ते बहुतेक वेळा तीन कारणांनी. एक, घाणीवर ओतलं जातं. विष्ठा, लाळ, केस असतील तर ब्लीच त्यातच खर्ची पडतं. आधी साबणाच्या पाण्यानं घासून, धुऊन मग ब्लीच. दोन, लगेच पुसलं जातं. फरशी दहा मिनिटं ओली राहिली पाहिजे; मी घड्याळ लावून चहा टाकते. तीन, कालचं पाणी आज वापरलं जातं. कालवलेलं ब्लीच उजेडानं आणि उन्हानं निकामी होतं, रोज ताजं करायचं. दहा मिनिटांनंतर साध्या पाण्यानं पुसून, फरशी वाळल्यावरच मांजरं आत सोडायची.

आणि जपून: मुतानं भरलेल्या पाटीत ब्लीच ओतू नका, संडास साफ करायच्या अ‍ॅसिडात मिसळू नका. दोन्हीतून विषारी वायू निघतो. खिडकी उघडी ठेवा.

पोतेरी तीन करा, तीन रंगांची. पिल्लांचं, मोठ्यांचं, आजाऱ्यांचं. शहाबादी फरशी नीट निघते. गोणपाट, उसवलेली गादी, भेगा पडलेलं लाकूड यांतून काही निघत नाही, टाकून द्या. अंथरुणाला मी दुकानातल्या सुती कापडाचे तुकडे वापरते. फार घाण झाले तर जाळते, जीव अडकत नाही.

वाडगे आणि पाट्या

मोठं ताट मांडून सगळ्यांना एकत्र खाऊ घालणं बघायला छान वाटतं, पण लाळ वाटून घेण्याचा तो सोपा मार्ग आहे. कॅलिसी लाळेतून जातो, मांजरांच्या ल्युकेमियाचा (रक्ताच्या कर्करोगाचा) विषाणूही. स्टीलच्या वेगवेगळ्या वाट्या घ्या. प्लास्टिकवर ओरखडे पडतात आणि त्यांत घाण बसते.

शी-शूच्या पाट्या मांजरांपेक्षा एक जास्त, आणि वेगवेगळ्या ठिकाणी. एका ओळीत मांडलेल्या पाच पाट्या मांजरांच्या लेखी एकच. बलदंड बोका तिथे ठाण मांडतो, बाकीची मुकाट सोसतात, आणि तो ताण पुन्हा शिंकांच्या रूपानं बाहेर येतो. पाटी रोज काढायची. टॉक्सोप्लाझ्मा हा पोटातल्या बाळाला घातक ठरू शकणारा परजीवी. त्याची अंडी विष्ठेत पडल्यावर संसर्गाजोगी व्हायला एक ते पाच दिवस लागतात. रोज उचललं तर ती वेळच येत नाही. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं हे काम करू नये. मांजर घरातून काढायची मात्र गरज नाही. सासूबाईंना तसं डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा.

गर्दी मोजा

टेप घ्या, खोली मोजा. अमेरिकेतल्या निवारा-पशुवैद्यांच्या संघटनेनं २०१० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, एकत्र ठेवलेल्या दर मोठ्या मांजरामागे किमान १८ चौरस फूट जमीन असावी असं म्हटलं आहे. दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट. सहा मांजरं बसतात. बहिणीच्या खोलीत मी नऊ कोंबली होती.

जागा वाढवता येत नसेल तर उंची वापरा. भिंतीला फळ्या, जुन्या कपाटाचा माथा, खोक्यांना दोन तोंडं, म्हणजे एकाला दुसऱ्याच्या नजरेआड जाता येतं. यानं ताण हलका होतो. मांजरांची संख्या मात्र तीच राहते. आणि नसबंदी. दर हंगामात नवी पिल्लं होणाऱ्या घरात ही सर्दी कधीच थांबत नाही, कारण आईकडून मिळालेलं संरक्षण विरत जातं तशी ताजी, कच्ची पिल्लं विषाणूला मिळत राहतात. याबाबतीत मी कडक आहे. "एकदा तरी पिल्लं होऊ देत की" म्हणणाऱ्यांकडे मी दुसऱ्यांदा जात नाही.

नवीन मांजराचे चौदा दिवस

इथून पुढे अवघड, कारण वेगळी खोली लागते. मावशींचा बिघाड शेवटी इथे सापडला. त्यांच्या दिनदर्शिकेत प्रत्येक फेरीच्या आधी आठवडाभर कुठे ना कुठे "नवीन पिल्लू" होतं. मार्केट यार्डातून, स्टँडवरून, कुणीतरी दारात ठेवलेलं. त्या ते पदरात घेऊन थेट स्वयंपाकघरात आणायच्या. "एवढंसं लेकरू, त्याला कुठं एकटं कोंडायचं?"

चौदा दिवस वेगळं, दार बंद, वाडगा-पाटी-फडकं वेगळं. खोली नसेल तर न्हाणीघर. तेही नसेल तर नवीन मांजर घेऊ नका, हे मी स्पष्ट सांगते. चौदाच का, तर पार्वोची लक्षणं साधारण या मुदतीत उघडी पडतात, आणि जागा बदलल्याच्या ताणानं दडलेला हर्पीसही तोपर्यंत बाहेर आलेला असतो. याच काळात जंताचं औषध, पिसवा, आणि कान-पंजे-शेपटीवर केस गळालेले गोल चट्टे आहेत का ते बघा. तो नायटा माणसांनाही लागतो. एकच मांजर घ्यायचं आणि मधेच दुसरं आलं, तर दिवस पुन्हा एकपासून मोजायचे. मावशींनी माडीवरचं न्हाणीघर यासाठी दिलं. त्यानंतर शिंका अधूनमधून येतात, पण एखाद-दुसऱ्यालाच. घरभर फिरत नाहीत.

लसींचा कागद

सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे उलटेपर्यंत. तिहेरी लस हर्पीस, कॅलिसी आणि पार्वोवर असते. एकच टोचून थांबणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला बोथट करते आणि ती कोणत्या आठवड्यात उतरेल हे पिल्लागणिक वेगळं असतं, म्हणून पुन्हा पुन्हा टोचायची. वर्षानं आणखी एकदा, पुढचं डॉक्टर सांगतील तसं. सर्दीच्या विषाणूंना लस पूर्ण अडवत नाही, आजार हलका करते. पार्वोवर मात्र ती फार जोरकस आहे. रेबीजची वेगळी, ती चुकवायची नाही.

डॉक्टरांना काय विचारायचं

वरचं सगळं करूनही एकाच डोळ्यापासून सुरू होणारी, लालभडक सूज येणारी सर्दी फिरत राहिली तर क्लॅमिडियाचा संशय घ्या आणि तसं विचारा. तो जिवाणू आहे, औषधाला दाद देतो, पण गोळ्या साधारण चार आठवडे आणि घरातल्या सगळ्या मांजरांना द्याव्या लागतात. आपण आठव्या दिवशी डोळा स्वच्छ दिसला की बंद करतो, तेही फक्त एकाचंच. डॉक्सीची (डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकची) गोळी दिली असेल तर मागून थोडं पाणी पाजा. ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. ल्युकेमिया आणि एफआयव्हीची (मांजरांची प्रतिकारशक्ती पोखरणाऱ्या विषाणूची) रक्ततपासणीही एकदा करून घ्या, विशेषतः एखादं मांजर दर फेरीत सगळ्यांपेक्षा जास्त पडत असेल तर. हर्पीसवर म्हणून देतात त्या लायसिनच्या पावडरीवर पैसे घालू नका. अभ्यासांत तिचा उपयोग दिसलेला नाही.

इथे थांबा, गाडी काढा

तोंड उघडं टाकून धाप लागलीय, किंवा झोपेत मिनिटाला चाळीसच्या वर श्वास पडतायत. मोठ्या मांजरानं चोवीस तास काही खाल्लं नाही. नाक चोंदलं की वास येत नाही आणि वास नसेल तर मांजर जेवत नाही, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जीवावर बेततं. पिल्लू असेल तर चोवीस तासही थांबू नका. डोळ्याच्या बुबुळावर पांढुरका डाग दिसला, तर घरात उरलेले आपले डोळ्यांचे थेंब घालू नका; त्यात स्टेरॉइड असेल तर हर्पीसची जखम खोल जाते.

पॅरासिटामॉल नको. अर्धी नको, पाव नको. मांजराला ती मारते.

उलट्या, पातळ जुलाब, अंग गार, एकापाठोपाठ एक पिल्लं जाणं हा पार्वोचा संशय आहे. त्यात घरी काही करण्यासारखं नसतं, सलाईन लागतं. कुत्र्यांच्या पार्वोची झटपट चाचणी मांजरांच्या विष्ठेवरही चालते, डॉक्टरांकडे आहे का ते फोनवरच विचारा. सांगली-मिरजेत सोय झाली नाही तर सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण गार पडलेल्या पिल्लाला घेऊन तेवढ्या लांब निघण्याआधी जवळच्या डॉक्टरांकडून सलाईन सुरू करून घ्या. पार्वो झालेल्या घरात तो विषाणू वर्षभर टिकू शकतो. तोवर लस न झालेलं पिल्लू त्या घरात आणायचं नाही.

मांजर चावलं किंवा खोल ओरबाडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा.

निघण्याआधी फोन करा, "संसर्गाचं मांजर घेऊन येतोय" असं सांगा. मी पिंजऱ्यावर जुना टॉवेल टाकते, दवाखान्याच्या जमिनीवर पिंजरा टेकवत नाही, आणि आत बोलावेपर्यंत रिक्षातच बसते. रिक्षावाल्याला थांबायचे पैसे आधीच ठरवून घ्यायचे.